मागच्या सीटखालचा आवाज

सोमवारी पहाटे पावणेपाचला मिस्त्रीने किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली, धडपडली, पण पेटली नाही. त्याने परत फिरवली. स्टार्टर फिरतोय हे त्याला तळपायाला लागणाऱ्या थरथरीवरून कळलं. अलीकडे गाडी त्याला कानांपेक्षा तळपायांनीच कळायची. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा मागे बसलेल्या शेजारणीने, जिला सगळे बुटकीच म्हणत, मांडीवरचा डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "मिस्त्री, एक तर हिला उठवा, नाहीतर आम्हाला तरी झोपू द्या."

ते त्याला ऐकू गेलं नाही. तिच्या बाजूच्या दोघी जावा हसल्या, त्या मात्र त्याला आतल्या दिव्यात आरशात दिसल्या. काहीतरी बोललं गेलं असणार, एवढं त्याने ताडलं आणि मान वळवली नाही.

पुढच्या सीटवर त्याची सून होती. ती हसली नव्हती. ती डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत होती.

गेली पाच वर्षं संत्र्यांच्या हंगामात या चौघींना सोळा किलोमीटरवरच्या, फळं निवडायच्या शेडवर न्यायचं आणि संध्याकाळी आणायचं, हे मिस्त्रीचं काम. शेडचं फाटक सहाला बंद व्हायचं. त्यानंतर आलेली बाई त्या दिवशी गैरहजर. पहिली बस आठला. यंदा पाऊस दगा देऊन गेल्याने फळ निम्मंच आलं होतं, आणि शेडला निम्म्याच बायका पुरत होत्या, म्हणून नियम कडक झाला होता : सलग तीन दिवस गैरहजर राहिली की तिचा एप्रन आणि गळ्यातलं कार्ड काढून घ्यायचं. पण त्याच वेळी हंगाम संपल्यावर सहा बायकांना शीतगृहात बारमाही घेणार, अशी यादीही लागली होती. त्या यादीत सुनेचं नाव चौथं होतं. मिस्त्रीचा मुलगा दोन वर्षांपूर्वी लांबच्या ट्रकवर गेला तो गेलाच. ना फोन, ना निरोप. तेव्हापासून घर सुनेच्या हातांवर चाललं होतं. फळं निवडून निवडून तिच्या नखांच्या कडा चिरल्या होत्या, आणि घरात भांड्यांनासुद्धा संत्र्याच्या सालीचा वास येई.

सव्वापाच झाले तेव्हा बुटकी उतरली. मग जावा उतरल्या. सून शेवटी उतरली आणि तिने एप्रनची घडी डब्यावर ठेवली.

"आजचा दिवस गेला," मिस्त्री म्हणाला. "दुपारपर्यंत उभी करतो हिला."

आणि खरंच तसं म्हणायचा त्याला अधिकार होता. बत्तीस वर्षं त्याने शहराच्या कडेच्या एका गॅरेजात काढली होती. गाडी फाटकातून आत येता येता तिचं काय बिघडलंय ते तो हातातलं काम न सोडता सांगायचा. त्या गॅरेजाने त्याला दोन गोष्टी देऊन पाठवलं. एक म्हणजे हे कान. पत्रे ठोकायच्या खोलीशेजारी इतकी वर्षं उभं राहून ते आतून हळूहळू बुजत गेले होते. दुसरी गोष्ट म्हणजे एक नेम. तिथे एकदा सोबतचा कारागीर पंख्याच्या पट्ट्यात हात घालून बसला असताना कोणीतरी किल्ली फिरवली होती, आणि त्याची दोन बोटं मिस्त्रीने स्वतः फडक्यात गुंडाळून दवाखान्यात नेली होती. तेव्हापासून बॉनेट उघडलं की किल्ली मिस्त्रीच्या हातात. बायको, मुलगा, सून, कोणालाही तो ती देत नसे.

कानांचं त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. त्याला वाटायचं कोणालाच माहीत नाही. बायको कसलीही वाच्यता न करता त्याचे कान झाली होती. दारात कोणी आलं की ती त्याच्या आधी मोठ्याने विचारी, "काय म्हणता, पाण्याची पाळी उद्या का?" म्हणजे त्याला विषय कळे. आणि तो तिला काही विचारायचा ते असं : "आला ना टँकर? म्हणाले ना येतो?" तिने नुसतं हो म्हणायचं. नाही म्हटलं तर पुढचं सगळं ओरडून सांगावं लागे, आणि ओरडलेलं त्याला आवडत नसे.

सोमवारी त्याने ठिणगीपासून सुरुवात केली. एक प्लग काढून इंजिनाच्या लोखंडावर टेकवून ठेवला, स्वतः आत बसला, आणि किल्ली फिरवत बॉनेटखालच्या फटीतून पाहिलं. उजाडायचं होतं, म्हणून स्पष्ट दिसली. निळी, जोरकस ठिणगी. म्हणजे विजेचा दोष नाही. मग त्याने प्लगचं तोंड नाकाशी नेलं. कोरडं. पेट्रोलचा वाससुद्धा नाही. म्हणजे पेट्रोलच इंजिनापर्यंत येत नाही.

इथपर्यंत सगळं चोख होतं. गॅरेजात असता तर पुढची तपासणी त्याने उभ्या उभ्या केली असती. मागच्या सीटखाली टाकी असते आणि टाकीत पेट्रोलात बुडालेला पंप. किल्ली अर्धी फिरवली की तो दोन सेकंद घुमतो. बंद डब्यात माशी सापडल्यासारखा. तो घुमला तर पंप जिवंत, नाही तर गेला. एके काळी मिस्त्रीला तो आवाज अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा.

त्याने मागची सीट उचलून भिंतीला लावली आणि बायकोला हाक मारली. ती चुलीपुढून उठून हात पुसत आली.

"इथं कान लाव," तो म्हणाला, आणि पुढे जाऊन बसला. कसला आवाज ते त्याने सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तो स्वतःला का ऐकू येत नाही इथपर्यंत गोष्ट गेली असती. त्याने किल्ली अर्धी फिरवली. "आला ना आवाज?"

बायकोने पत्र्यावरून डोकं उचललं. "आला."

"आला ना?"

"आला की."

झालं. पंप त्याने डोक्यातून काढून टाकला.

राहिला फिल्टर. गाडीखाली सतरंजी अंथरून तो पाठीवर आत सरकला. उजवा खांदा वर्षभर धरला होता, त्यामुळे डाव्या हाताने पाना धरावा लागला. फिल्टर सुटला तेव्हा त्यातलं गाळ मिसळलेलं पेट्रोल बाहीतून काखेपर्यंत गेलं आणि तिथे जळजळायला लागलं. त्याने ते बशीत ओतलं. काळपट, चहाच्या गाळासारखं. त्याला जवळजवळ आनंद झाला. बशी त्याने बायकोला नेऊन दाखवली. "हे बघ. घसा बसलाय हिचा."

तोवर सुनेने शेडवरच्या मुकादमाला फोन लावला होता. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला की ताई, आजचा एक दिवस, उद्याचा दोन. परवा सहाच्या आत फाटकात दिसा, तिसरा पडला तर माझ्या हातात काही नाही. सुनेने ते सासूला सांगितलं, सासूने मिस्त्रीला. "परवापर्यंत चालेल म्हणतात." एवढंच.

बारा किलोमीटर सायकल मारून तो पार्टच्या दुकानात गेला. पूर्वी त्या दुकानाचा म्हातारा मालक काउंटर सोडून बाहेर यायचा त्याच्याशी बोलायला. आता जावई बसत होता. जावयाने फिल्टर काढून ठेवला आणि काहीतरी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "हो." जावयाने परत विचारलं. मिस्त्री म्हणाला, "एकच द्या." काउंटरशी उभे असलेले दोघं गालात हसले. शेवटी जावयाने पुढे वाकून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "पंप तपासला का, काका?"

"पंप चालू आहे," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "आवाज येतो."

जावयाने खांदे उडवले. जुन्या मॉडेलचा एक पंप पडून होता, बोटाने त्याने तो दाखवलासुद्धा. खोक्यावर धूळ होती. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि फिल्टर पिशवीत टाकला.

घरी पोचेपर्यंत अंधारलं. मंगळवारी पहाटे चारला उठून त्याने बॅटरीच्या उजेडात फिल्टर चढवला. पाचला गाडीने पुन्हा नुसतीच गुरगुर केली.

कोपऱ्यावर टेंपो थांबला होता. पलीकडच्या वस्तीवरच्या बायका त्यातून शेडवर जात. मेंढरांसारख्या उभ्याने, एकमेकींच्या खांद्याला धरून. बुटकी आणि दोघी जावा आदल्या दिवशीच टेंपोवाल्याशी बोलून आल्या होत्या. बुटकी वर चढून सुनेला हात दाखवत होती. "ये गं, अजून एक मावते. मी काय, अर्धीच आहे."

सून दोन पावलं गेली. मग थांबून तिने सासऱ्याकडे पाहिलं.

मिस्त्रीला बुटकीचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण उंचावलेला हात त्याला समजला. "घरची गाडी असताना टेंपोत लोंबकळत जायचं?" तो म्हणाला. "मला हाताखाली माणूस लागेल. नळी साफ केली की झालं. उद्या तुला दारातून दारात सोडतो."

हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर सून कदाचित गेलीही असती. त्याने ते विनवल्यासारखं म्हटलं, आणि सासऱ्याला विनवताना तिने कधी पाहिलं नव्हतं. टेंपो गेला. तिने एप्रन खुंटीला अडकवला आणि बाह्या वर केल्या.

मंगळवार सगळा नळीत गेला. फिल्टर नवा, ठिणगी निळी, पंप चालू. म्हणजे टाकी आणि फिल्टर यांच्यामधे नळीच चोंदली असली पाहिजे, असा त्याचा हिशेब. त्याने ती दोन्ही टोकांनी सोडवली आणि सायकलच्या पंपाने वारा मारला. त्याचा जोर पुरेना तेव्हा तोंड लावून फुंकलं. पेट्रोल ओठांना लागून कडा सोलल्या. सून गुडघ्यांवर बसून पकडी धरत होती, चिमटे आवळत होती, बॅटरीचा झोत जिथे पाहिजे तिथे पाडत होती. तिचे हात अशा कामाला चांगले होते. दोनदा मिस्त्रीला वाटलं की तसं तिला म्हणावं. नळीतून वारा सरळ जात होता. चोंदलेलं काही नव्हतं. तरी त्याने ती तिसऱ्यांदा फुंकली.

दुपारचं ऊन पत्र्यावरून उतरलं. संध्याकाळी बायको चहा घेऊन आली. मिस्त्री गाडीखाली होता. त्याचे नुसते पाय बाहेर होते. सुनेने कप घेतला, पण प्यायली नाही.

"आत्याबाई, काल आवाज आला म्हणालात तो कसा येतो?"

"येतो की. हे किल्ली फिरवतात ना, तेव्हा."

"ते कळलं. पण कसा?"

बायको जरा गोंधळली. तिने कप खाली ठेवला आणि गाडीच्या पत्र्यावर नखाने एकदा वाजवलं. "टक. असा."

"आणि मग?"

"मग काय? टक."

त्या नखाचा धक्का पत्र्यातून मिस्त्रीच्या कपाळाला लागला. त्याने डोकं गाडीच्या तळाला टेकवलेलं होतं. तो सरकत बाहेर आला. दोघी त्याच्याकडे बघत होत्या. बायकोने, कशासाठी ते न कळून, पुन्हा एकदा तसंच वाजवून दाखवलं.

टक आवाज पंपाचा नव्हे. तो पंपाला वीज सोडणाऱ्या छोट्या डबीचा, रिलेचा. बाहेरून कोणी कडी वाजवली म्हणजे घरात माणूस आहे असं होत नाही.

"मामंजी, किल्ली माझ्याकडे द्या," सून म्हणाली. ती त्याच्या समोर येऊन, चेहऱ्यासमोर चेहरा धरून, सावकाश बोलली, आणि तेव्हा त्याला कळलं की हिला माहीत आहे. आजपासून नव्हे, कधीपासूनच. "तुम्ही हात ठेवा. हाताला कळेल तुमच्या."

त्याने बॉनेट खाली टाकलं. किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तो मागे गेला आणि टाकीवरच्या गोल झाकणावर पंजा पसरून ठेवला. सुनेने किल्ली अर्धी फिरवली. तिने ती पुन्हा फिरवली. पुन्हा. पंज्याखालचं झाकण थंड होतं आणि तसंच पडून होतं. त्याच्या हाताखालून हजारभर पंप गेले असतील. त्याला दुसऱ्यांदा फिरवायची गरज नव्हती.

पंप का गेला तेही त्याला लगेच कळलं. पेट्रोलात बुडून राहिला तरच पंप थंड राहतो. गाडीत पेट्रोल पडायचं ते रोज संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी जाऊन येण्यापुरतं. पाच वर्षांत टाकी अर्धीसुद्धा भरलेली त्याने पाहिली नव्हती. टाकी कोरडी ठेवू नका, हे त्याने गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला बजावलं होतं.

बायको कप उचलून आत गेली आणि पुष्कळ वेळ भांडी घासत राहिली. दुकान बंद झालेलं होतं. सकाळी नऊला उघडणार. सहाला फाटक.

"एक इलाज आहे," जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला. "चालला तर चालला."

तो इलाज सगळ्याच कारागिरांना माहीत असतो आणि कोणीच त्यावर विसंबत नाही. झिजलेल्या पंपाला बाहेरून ठोका दिला तर कधी कधी तो दचकून उठतो. किती वेळ चालेल ते कोणी सांगू शकत नाही. एकदा उठला की बंद मात्र करायचा नाही.

बुधवारी पहाटे तो लाकडी हातोडा घेऊन टाकीखाली शिरला. सून स्टिअरिंगवर. बायको मागे, उचललेल्या सीटच्या जागी फडकं टाकून बसलेली, झाकणाशी कान. या वेळी तिला त्याने नीट समजावून दिलं होतं. तोंडाने घूं करून दाखवलं होतं. त्याने ठोके दिले, सून किल्ली फिरवत राहिली. पाच वाजले. कोपऱ्यावर टेंपो येऊन थांबला, बुटकी आणि जावा चढल्या. बुटकीने तिथूनच हाक मारली. सुनेचा एक पाय गाडीच्या दाराबाहेर होता.

आणि पुढच्याच ठोक्याला गाडी पेटली.

मिस्त्रीला ती अंगावरच्या सगळ्या हाडांत कळली. तो खरचटत बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर गंजाचे कपटे होते आणि तो हसत होता. बायको मागून जोरजोराने मान हलवत होती. टेंपोवाल्याने हॉर्न दिला.

"बस," मिस्त्री सुनेला म्हणाला.

सुनेने टेंपोकडे पाहिलं. मग ती सरकून पलीकडच्या सीटवर गेली आणि तिने दार लावून घेतलं. टेंपो निघून गेला.

रस्ता मोकळा होता. मिस्त्री गाडीला जपत चालवत होता, खड्डे चुकवत, आजाऱ्याला न्यावं तशी. आतला दिवा लावलेला होता. दर थोड्या वेळाने तो आरशात बघे आणि भुवया उंचावे. बायको झाकणाला कान लावून वाकलेली असे. ती हात वर करून आहे, आहे, अशी खूण करी. गाडीच्या झोतात दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा दिसत होत्या, अर्ध्या वाळलेल्या. सुनेने एप्रन अंगात घातला. कार्डाची दोरी सरळ केली. पूल आला, गेला. चढ लागला.

चढाच्या मधोमध त्याने आरशात पाहिलं. बायकोचा हात वर आला नाही. तिने डोकं उचललं होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. मग तिने मान आडवी हलवली. एकदाच.

गाडी अजून चालत होती. अजून वीस-पंचवीस पावलं चालली. मग तळपायांखालची थरथर गेली.

साडेपाच वाजले होते. फाटक अजून पाच किलोमीटर होतं. चढावरून शेडचे दिवे दिसत होते. सुनेने दार उघडलं, डबा काखेत मारला आणि निघाली. आधी झपाझप, मग पळत. एक मोटरसायकल तिला ओलांडून गेली. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन होते, बसायला जागा नव्हती. वळणाआड जाईपर्यंत गाडीच्या दिव्यांत पांढरा एप्रन दिसत राहिला.

मिस्त्री गाडीखाली शिरला. किल्ली या वेळी बायकोकडे होती. जन्मात तिने ती हातात धरली नव्हती. दोन्ही हातांनी फिरवत होती. त्याने टाकीला समोरून, मागून, कडेने ठोके दिले. हातोड्याचं डोकं निखळलं तेव्हा दगड घेतला. प्रत्येक ठोक्यानंतर तो डोकं बाहेर काढून तिच्या तोंडाकडे बघे. प्रत्येक वेळी ती खरं तेच सांगत होती.

सून सात वाजून गेल्यावर परत आली. चालत. ती वळणावर दिसली तेव्हाच मिस्त्रीच्या लक्षात आलं की पांढरं काही दिसत नाही. जवळ आली तेव्हा गळ्यात दोरीही नव्हती. डबा तसाच होता. तिने गाडीकडे पाहिलं नाही. ती रस्त्याकडेच्या दगडावर त्यांच्याकडे पाठ करून बसली, चप्पल काढली, आणि टाचेला आलेला फोड बोटाने दाबून बघू लागली. बायको तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. सून बोलली. पुष्कळ बोलली, तिचे खांदे हलत होते. बायको खाली बघत ऐकत होती.

मिस्त्री गुडघ्यांवर आला. "काय म्हणाली?"

बायको वळली. तिने ओठ पुसले. त्याच्याकडे बघून, नेहमीच्या स्पष्ट, सावकाश आवाजात ती म्हणाली, "उद्या जरा लवकर निघू, म्हणतेय."

मिस्त्रीने सुनेच्या पाठीकडे पाहिलं. एप्रनच्या पट्ट्या आवळून तिच्या मानेवर दोन लाल रेघा उठल्या होत्या, त्या अजून गेल्या नव्हत्या.

"बरं," तो म्हणाला, आणि दगड उचलून पुन्हा गाडीखाली गेला.